पुराण कोणासाठी? : अद्भुत भूमिकाखेळांतील लेखन आणि श्रोत्याचा प्रश्न

मराठीत 'पुराण' या शब्दाला दोन परस्परविरोधी छटा आहेत. एकीकडे तो सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित या पाच लक्षणांनी सिद्ध होणारा आदरणीय ग्रंथप्रकार आहे; दुसरीकडे 'पुराण लावू नकोस' असे म्हणताना आपण त्याच शब्दाने कंटाळवाण्या पाल्हाळाची संभावना करतो. 'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण तर पुराण ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्याही निष्ठेवर प्रश्नचिन्ह लावते. संगणकावरील अद्भुत भूमिकाखेळांचा, म्हणजे 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा, वाङ्मयीन विचार करताना या दोन्ही छटा उपयोगी पडतात. या खेळांच्या कल्पित जगांना स्वतःची उत्पत्तिकथा असते, राजवंश असतात, युगे असतात, देवांची भांडणे असतात. खेळणारे या सामग्रीला 'लोर' म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिला पुराण असेच म्हटले आहे, कारण पंचलक्षणांपैकी एकही लक्षण तिच्यात सहसा उणे नसते. आणि पुष्कळदा ती ऐकताना श्रोत्याला जांभईही येते.

या खेळांच्या लेखनाची चर्चा सामान्यतः दोन मापांनी होते. एक माप विस्ताराचे : किती लक्ष शब्द, किती ग्रंथ, किती सहस्र वर्षांचा इतिहास. दुसरे माप शैलीचे : संवाद चटकदार आहेत की नाहीत. दोन्ही मापे अपुरी आहेत. विस्तृत आणि सुलिखित पुराणसुद्धा निर्जीव राहू शकते आणि एखादे त्रोटक, ओबडधोबड वाक्य खेळणाऱ्याच्या मनात वर्षानुवर्षे टिकते. फरक पडतो तो पुराण कोणत्या प्रसंगी, कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितले जाते यामुळे. भारतीय कथनपरंपरेत हा विचार मुळातच आहे. महाभारतात जनमेजय वैशंपायनाला कथा विचारतो ती सर्पसत्र चालू असताना. त्याचा पिता तक्षकाच्या दंशाने मेलेला आहे. युद्धाचा वृत्तांत संजय सांगतो तो धृतराष्ट्राला, ज्याचे पुत्र रणांगणावर आहेत. श्रोत्याचे काहीतरी पणाला लागलेले असल्याखेरीज व्यासपरंपरेत कोणी कथेला तोंड फोडत नाही. भूमिकाखेळांच्या लेखनाची परीक्षा या कसोटीवर करणे हा येथील हेतू आहे.

या प्रकाराचे मूळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मेजाभोवती खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक जण जगाचा सूत्रधार असतो. बाकीचे आपापली पात्रे चालवतात. सूत्रधाराने राजघराण्याची वंशावळ सांगायला सुरुवात केली आणि मंडळी चुळबुळू लागली, तर त्याला ते दिसते. तो वंशावळ आवरती घेतो, दारावर कोणीतरी थाप मारल्याचे सांगतो. कीर्तनकाराचे कसब याहून वेगळे नसते. पूर्वरंगातले निरूपण कुठे थांबवायचे आणि उत्तररंगातले आख्यान कुठे ताणायचे, हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळते. खेळ संगणकावर आला तेव्हा चित्रे आली, संगीत आले, गणिते झटपट होऊ लागली. परंतु सांगणाऱ्याची ऐकणाऱ्यावरची नजर गेली. संगणकीय भूमिकाखेळांच्या लेखनाचा गेल्या काही दशकांचा इतिहास हा बव्हंशी या गेलेल्या नजरेची भरपाई करण्याचा इतिहास आहे.

सर्वांत सोपी भरपाई म्हणजे कोश. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) या खेळात नवे गाव, नवा प्राणी, नवा ग्रंथ दिसला की त्याची नोंद 'कोडेक्स'मध्ये जमा होते, खेळणाऱ्याने ती सवडीने वाचावी. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'च्या दुसऱ्या भागात (२०१८) तर संवादातल्या अपरिचित शब्दांवरच टीप उघडते. सोय निःसंशय आहे. पण ज्याचे उत्तर मागितलेले नाही अशा प्रश्नांची उत्तरे वर्णानुक्रमे लावून ठेवणे हे कथन नव्हे. मराठी वाचकाला येथे केतकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानकोशकारांनी कादंबऱ्याही लिहिल्या, आणि 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबरीत पात्रे बोलता बोलता समाजशास्त्राची प्रकरणेच्या प्रकरणे उलगडतात. तथापि केतकरांच्या पात्रांना त्या चर्चेची निकड असते. लग्न, जात, वारसा यांचे त्यांचे प्रश्न खरोखरच अडलेले असतात. कोडेक्सला अशी निकड नसते. याच कोशवृत्तीची सर्वांत हुशार थट्टा 'डिस्को एलिझियम' (२०१९) या एस्टोनियन लेखकांच्या खेळात आहे. तेथे नायकाच्या डोक्यातली 'एन्सायक्लोपीडिया' ही वृत्तीच एक बोलणारे पात्र आहे; ती भलत्या वेळी भलती माहिती पुरवते. माहितीचा भार हा जगाचा गुण न राहता माणसाचा स्वभावदोष होतो, आणि म्हणून तो ऐकावासा वाटतो.

'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) या खेळाचे नाव लेखनाच्या चर्चेत पहिल्यांदा निघते, ते योग्यच आहे. मात्र त्याची थोरवी पुष्कळदा त्याच्या शब्दसंख्येत शोधली जाते, ते तितकेसे योग्य नाही. त्याचा नायक एका प्रेतागारात जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही आणि मरणही नाही. तो पूर्वी अनेकदा मेला आहे, प्रत्येक वेळी विसरून उठला आहे. विस्मृतीची युक्ती जुनी आहे. सोयीची तर फारच आहे, कारण नायकाला काहीच ठाऊक नसल्याने तो कोणालाही कसलाही बाळबोध प्रश्न विचारू शकतो आणि लेखकाला जग समजावून सांगण्याचा परवाना मिळतो. पुढे अनेक खेळांनी ही युक्ती केवळ या परवान्यापुरती वापरली आणि ती झिजली. 'टॉर्मेंट'मध्ये ती कालिदासाच्या विस्मृतीच्या जवळ जाते. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला आठवत असते, तो जाणून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून नकाराचे रूपांतर विस्मरणात केले, आणि त्यामुळेच आठवण परत येणे हा नाटकाचा सर्वांत क्लेशकारक क्षण झाला. 'टॉर्मेंट'च्या नायकाला जगाचा इतिहास कळत जातो तसतशी स्वतःची कृत्ये कळत जातात. त्याच्यावर प्रेम करणारी, आता पिशाच होऊन राहिलेली डीओनारा त्याला पहिल्याच स्थळी भेटते. तिचा घात कोणी केला या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलेला खेळणारा स्वतःपाशीच येऊन पोहोचतो.

याच खेळाच्या आरंभी एक बारीक प्रसंग आहे. नायकाच्या पाठीवर मजकूर गोंदलेला आहे. तो त्याला स्वतःला वाचता येत नाही. मॉर्ट नावाची एक तरंगती, वाचाळ कवटी त्याला तो वाचून दाखवते. पूर्वीच्या जन्मीच्या नायकाने पुढच्यासाठी लिहून ठेवलेल्या या सूचना आहेत. मॉर्ट सगळे वाचते, मात्र शेवटची सूचना गाळते, कारण ती कवटीवर विश्वास ठेवू नये अशी आहे. पुराण सांगणाऱ्याचेही हितसंबंध असतात, ही गोष्ट एवढ्या थोडक्यात सांगितलेली माझ्या वाचनात अन्यत्र नाही. कोडेक्समधली नोंद कोणी लिहिली हे आपण विचारत नाही. पाठीवरच्या मजकुराबाबत मात्र लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि गाळले काय, हे तिन्ही प्रश्न उभे राहतात. पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकाला येथे घरी आल्यासारखे वाटावे.

पाठचिकित्सेचा मुद्दा 'मॉरोविंड' (२००२) या खेळात अधिक विस्ताराने येतो, आणि मराठीच्या अभ्यासकाला त्याचे विशेष अगत्य असण्याचे कारण आहे. या खेळात नायक एका बेटावर बंदी म्हणून उतरतो आणि सम्राटाच्या एका गुप्तहेराच्या हाताखाली लागतो. त्याचे पहिले काम लढाईचे नसते. नेरेवार नावाच्या प्राचीन वीराचा पुनर्जन्म होणार अशी एका पंथाची श्रद्धा आहे. तिची माहिती गोळा करायची असते. ज्याला माहिती आहे तो ती फुकट देत नाही. एक विद्वान म्हणतो, आधी पडक्या अवशेषांतून मला अमुक एक कोडेपेटी आणून दे. दुसऱ्याला भेटवस्तू आवडतात. मिळालेली टिपणे नायक वरिष्ठाकडे आणून देतो. म्हणजे पुराण येथे बसल्या जागी ऐकवले जात नाही. ते मिळवावे लागते, आणि ज्याच्याकडून मिळाले त्याचा चेहरा त्याला चिकटून राहतो.

म्हाइंभटांनी नेमके हेच केले होते. चक्रधरस्वामींच्या निघून जाण्यानंतर, इ. स. १२७८च्या सुमारास, त्यांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडून लीळा मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. या ग्रंथाची आजच्या वाचकाला स्तिमित करणारी गोष्ट अशी की एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ तो निरनिराळ्या सांगणाऱ्यांच्या नावांनिशी नोंदवतो. हिराइसा असे म्हणते, रामेश्वरबास तसे म्हणतो. दोहोंचा मेळ घालण्याची घाई नाही. पुढे केसोबासांनी स्वामींची वचने लीळांतून वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला, तेव्हा पंथालाच जाणवले की प्रसंगावेगळे सूत्र पुरेसे बोलत नाही. म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारी 'प्रकरणवश' रचना निर्माण झाली. भूमिकाखेळांच्या परिभाषेत बोलायचे तर कोडेक्स हा सूत्रपाठ आहे. त्यात उणीव आहे ती प्रकरणवशाची.

'मॉरोविंड'मध्ये नेरेवारच्या मृत्यूच्या अनेक हकिकती आहेत. राज्य करणाऱ्या मंदिराची अधिकृत कथा आहे. राखेच्या माळरानावर भटकणाऱ्या टोळ्यांची कथा आहे; तिच्यानुसार नेरेवारच्या सल्लागारांनीच त्याचा खून केला आणि तेच पुढे देव होऊन बसले. त्या देवांपैकी एक, व्हिवेक, स्वतःची हकिकत स्वतःच सांगतो. (मराठी खेळणारे त्याला सरळ 'विवेक' म्हणतात. सत्याविषयी इतका निष्काळजी असलेल्या देवाला हे नाव मिळावे, ही लेखकांच्या ध्यानीमनी नसलेली गंमत आहे.) मंदिरातल्या असंतुष्ट पुरोहितांनी काही गुप्त लिखाणे जपून ठेवली आहेत, तीही हाती येतात. सकळ लिपीत बंद राहिलेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी जिची किल्ली उलगडली त्या महानुभाव पोथ्यांची आठवण येथे अटळ आहे. खेळ शेवटपर्यंत निवाडा देत नाही. तरीही हा निव्वळ संदिग्धतेचा खेळ होत नाही, कारण नायक हाच कदाचित नेरेवार आहे. नेरेवारला कोणी मारले, हा प्रश्न त्याच्यापुरता 'मला कोणी मारले' असा आहे. पाठभेदांची चिकित्सा इतकी जिवावरची झालेली विरळाच.

याचा एक परिणाम मला सिरुसेरीत ऐकायला मिळाला. चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, आणि त्यांत नोकरी करणाऱ्यांत मराठी भाषक तरुणही आहेत. ते हे खेळ इंग्रजीतून खेळतात. मराठीतून खेळता यावेत असे त्यांना सुचतही नाही. पण खेळाविषयी आपसात बोलतात ते मराठीत. ज्याने खेळ खेळलेला नाही अशा मित्राला कथा सांगताना जे घडते ते लक्षणीय आहे. कोडेक्सवाल्या खेळांचे वर्णन 'जग भारी आहे' या शब्दांत आटोपते. नेरेवारची गोष्ट मात्र 'त्याला नक्की कुणी मारलं ते माहीत नाही' इथून सुरू होते, आणि सांगणारा आपापला गुन्हेगार निवडून त्याच्या बाजूने पुरावे देऊ लागतो. जे पुराण दुसऱ्या भाषेत, पोथीशिवाय, जेवणाच्या मेजावर पुन्हा सांगता येते त्याची रचना मुळात सांगण्याजोगी होती, असे मानायला हरकत नसावी.

सांगण्याचे टाळून दाखवण्यावर भर देणारा एक पक्षही आहे. 'डार्क सोल्स' (२०११) या जपानी खेळाने तो रूढ केला. येथे कोणी इतिहास सांगत नाही. तलवार, अंगठी, चिलखत उचलले की त्यासोबत दोन-तीन वाक्ये येतात. उरलेले भिंती, मूर्ती आणि प्रेते कुठे कशी पडली आहेत यावरून जुळवायचे. एका भव्य देवनगरीत राजाच्या कुटुंबाच्या पुतळ्यांमध्ये एक चौथरा रिकामा आहे. दुसरीकडे सापडलेल्या अंगठीवरून कळते की राजाचा थोरला मुलगा युद्धदेव होता, त्याने काही मूर्खपणा केला आणि त्याचे नाव इतिहासातून पुसले गेले. त्याने काय केले ते त्या अंगठीवर लिहिलेले नाही. खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितले आहे की लहानपणी ते न कळणाऱ्या इंग्रजी भाषेतली पुस्तके वाचत आणि जे समजत नसे ते चित्रांच्या आधारे कल्पनेने भरून काढत. परभाषेत अर्धवट वाचण्याचा हा अनुभव वसाहतीनंतरच्या भारतीय वाचकाला अपरिचित नाही.

सिरुसेरीहून त्याच रस्त्याने दक्षिणेला तीसेक किलोमीटर गेले की मामल्लपुरम लागते. तेथील पल्लवकालीन महाशिल्पात एक तपस्वी एका पायावर उभा आहे, देव वर देतो आहे, मध्ये खडकाची नैसर्गिक भेग आहे आणि तीतून नाग वर येत आहेत. हे अर्जुनाचे तप की भगीरथाचे गंगावतरण, याचा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालला आहे. भेग ही गंगा मानली तर एक कथा, तप पाशुपतास्त्रासाठी मानले तर दुसरी; दोन्ही अर्थ शिल्पकाराला अभिप्रेत होते असेही मत आहे. खाली एक मांजर हात वर करून तप करते आहे आणि तिच्याभोवती उंदीर आहेत. ती पाखंडी मांजर पाहून लहान मूलही हसते. 'डार्क सोल्स'च्या चाहत्यांनी या भिंतीपुढे तासभर उभे राहावे. तिच्यावर नामफलक नाही, अर्थ अनिश्चित आहे, पण ती पाहणाऱ्याला उपाशी ठेवत नाही. ज्याला भारवीचे 'किरातार्जुनीय' ठाऊक आहे त्याला एक आनंद, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला मांजर. अनुकरणात निघालेल्या अनेक खेळांतल्या मौनात या मांजरीची जागाच नसते. रिकामे चौथरे मात्र मुबलक असतात. न सांगणे हीदेखील अखेर एक लकब होऊ शकते, आणि कोडेक्सइतकीच श्रोत्याविषयी बेफिकीर असू शकते.

भिंतीवरच्या पुराणाचा महाराष्ट्रातला ताजा नमुना म्हणजे पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' (२०२०). काटेकोरपणे पाहता तो भूमिकाखेळ नाही, झुंजीचा साहसखेळ आहे. परंतु पुराण कसे द्यावे हा प्रश्न त्याच्यापुढे इतका थेट उभा राहिला की त्याला वगळून हा विचार पुरा होत नाही. कसरतीचे खेळ करणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू यांची असुरांच्या हल्ल्यात ताटातूट होते. दुर्गा राजीला त्रिशूळ देते. पुढे ती भावाला शोधत चालत राहते, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसात बोलत राहतात. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत. त्यांच्यासमोर थांबले की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. वास्तू राजस्थानी वळणाच्या आहेत, आणि दृश्य म्हणून खेळ अतिशय देखणा आहे. दोन देवांच्या संवादाची चौकट ही आपल्या वक्ता-श्रोता परंपरेतूनच आलेली, मोठ्या शक्यतांची कल्पना आहे.

या शक्यता पुऱ्या होत नाहीत याचे कारण या दोघा देवांपैकी खरा श्रोता कोणीच नाही. विष्णू विचारतो आणि दुर्गा सांगते तेव्हा विष्णूला काही ठाऊक नाही असे मानणे कठीण जाते. प्रश्न विचारला जातो तो पडद्याबाहेरच्या, महिषासुराचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या खेळणाऱ्यासाठी. भिंतीवरच्या कथांचेही तसेच. राजीला त्या कथांचे काही पडलेले नाही. तिला गोलू हवा आहे. चित्रापुढे ती थांबते ती पाहुण्यांच्या गटातल्या माणसासारखी, आणि कथा संपली की पुढे निघते. त्या कथांतली एखादी तिच्या वाटेवरच्या निर्णयाला आडवी आली असती, दुर्गेच्या कृपेची किंमत काय असते हे तिला भिंतीवरून कळून ती क्षणभर थबकली असती, तर चित्राचे प्रकरण झाले असते. शिवाय खेळ मूळ इंग्रजी निवेदनात आला. हिंदी आवाज २०२२च्या सुधारित आवृत्तीत मिळाले. ही बाब केवळ बाजारपेठेची म्हणून सोडून देता येत नाही. भाषेनेच श्रोता ठरवला होता, आणि श्रोत्याने निवेदनाचा स्वर ठरवला.

आपल्या परंपरेत पुराण सांगणे ही बहुधा परिचयाची क्रिया नसून स्मरणाची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एका आख्यानाच्या चित्रांची 'पोथी' बाळगतात आणि एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. तेच चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवतात. समोरच्या माणसांना रामायण ठाऊक असते. सीतेला कोणी पळवले हे कळण्यासाठी ते बसलेले नसतात. पुढचे चित्र वर यायच्या आतच त्यांना ते दिसत असते. सांगणाऱ्याला यामुळे वेगळी मोकळीक मिळते : तो माहिती टाळून भाष्यावर, विनोदावर, करुणेवर वेळ घालवू शकतो. कल्पित जगाच्या खेळांना ही सवलत नाही. नेरेवार कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांना आधी परिचय करून द्यावा लागतो आणि मगच त्याचे स्मरणात रूपांतर करता येते. 'मॉरोविंड' ते शंभर तासांच्या प्रवासात साधतो. 'राजी'ला मात्र ही सवलत आयती मिळालेली होती. दुर्गा, विष्णू, असुर यांचे स्मरण असलेला कोट्यवधींचा श्रोतृवर्ग हाताशी असताना या खेळाने परिचयाचा मार्ग पत्करला. छायाबाहुल्यांचे प्रवेश त्यातही सरस ठरतात ते याच कारणाने. तेथे स्पष्टीकरण कमी आहे, आकृतींची हालचाल पाहणाऱ्याच्या आठवणीवर विसंबते. पुण्यात बसून पिंगुळीपेक्षा राजस्थान जवळचे का वाटले, हा प्रश्न मी येथे केवळ नोंदवून ठेवतो.

अद्भुताविषयीची आपली समीक्षा मुळातच थोडी अवघडलेली आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात बहुधा वास्तववादी कादंबरी येण्यापूर्वीची बाल्यावस्था म्हणून होतो. राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात (१९०२) अद्भुताचा गंभीरपणे विचार केला होता. तो धागा पुढे फारसा कोणी चालवला नाही. त्यामुळे आज अद्भुत जगांचे लेखन समोर आले की मराठी समीक्षक एक तर ते बालिश म्हणून बाजूला ठेवतो किंवा पाश्चात्त्य खेळाभ्यासाची परिभाषा उसनी घेतो. सूत्र आणि प्रकरण, पूर्वरंग आणि उत्तररंग, पोथी आणि पाठ या आपल्या संज्ञा या कामाला अपुऱ्या पडतात असे निदान मला तरी आढळले नाही. खरी अडचण येते ती वाक्याच्या पातळीवर. 'टॉर्मेंट'मधली नगरी लंडनच्या जुन्या भुरट्यांच्या बोलीवरून घडवलेल्या भाषेत बोलते. तिचे मराठी करायचे तर दलालांची नंदभाषा हाताशी आहे. पण ती आज किती जणांच्या कानावर आहे? प्रमाण मराठीत तो अनुवाद झाला तर नगरीच नाहीशी होईल.

सांगणे आणि कोरणे यांतला भेद तमिळ देशातल्या एका मराठी उदाहरणावरून स्पष्ट दिसतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा समग्र इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, बाबूराव चिटणीस यांनी रचलेला हा 'भोसले वंशचरित्र' शिलालेख विस्ताराने प्रचंड आहे. वंश आणि वंशानुचरित ही दोन्ही लक्षणे त्यात पुरेपूर आहेत. मंदिरात येणाऱ्या बहुतेकांना तेव्हाही मराठी वाचता येत नव्हते, आज तर नाहीच. भाविक त्या भिंतीला वळसा घालून प्रदक्षिणा पुरी करतात. त्याच शतकात त्याच तंजावरात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ऐकून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला तिचे घडीव रूप दिले. तिच्यात भाषा तमिळ आहे, श्रोते तमिळ आहेत, कथा त्यांच्या ओळखीच्या आहेत. कथा रंगात आली की भागवतर साकी म्हणतात, दिंडी म्हणतात, ओवी म्हणतात, आणि हे शब्द मराठी आहेत हे समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.